सागरतळीच्या तेलविहिरींची दारे

ह्या स्मरणिकेच्या पानांतून बाजारभाव, वखारीची निगा, करांची गुंतागुंत, उधारीची वसुली अशा विषयांवर लिहिण्याचा प्रघात आहे. तो प्रघात सोडून समुद्राखालील तेलविहिरींच्या झडपांविषयी लिहावयास आम्ही बसलो आहोत, ह्याचे सभासद बंधुभगिनींस नवल वाटेल. परंतु बेळगावकडून चोर्ला घाट उतरून वाळपईच्या पेठेत येणारे डाळीचे वा गव्हाचे प्रत्येक पोते डिझेलच्या बळावर येते, आणि त्याच धान्याचे अन्न आपल्या घरी गॅसच्या शेगडीवर शिजते. ज्या मालावाचून आपला माल हलत नाही व शिजतही नाही, तो माल कोठून निघतो आणि निघताना त्यास आवरून कोण धरतो, ह्याची चौकशी व्यापाऱ्याने करू नये असे थोडेच आहे? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. बाकी सारा अनुभव वखारीतला. तेव्हा जे वाचले व जाणकारांकडून समजून घेतले, ते धान्यबाजाराच्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

झडप म्हणजे व्हॉल्व्ह. आमच्याकडील नळकामगार त्यास ‘वॉल’ म्हणतो, आणि तो शब्द आता घरोघरी रुळला आहे. नळाची तोटी ही झडपच. गॅसच्या सिलिंडरवर आपण बसवितो त्या रेग्युलेटरच्या पोटातही झडपच असते. वस्तू लहान, किंमत किरकोळ, म्हणून तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. पण हीच वस्तू समुद्रतळाखाली नेऊन बसवावयाची म्हटली म्हणजे तिच्यापायी थोर थोर अभियंत्यांची आयुष्ये खर्ची पडतात.

आपल्या किनाऱ्याशी ह्या विषयाचा संबंध १९७४ पासूनचा आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, ‘सागर सम्राट’ ह्या वेधननौकेस त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तेल लागले. ती नौका तेल व नैसर्गिक वायू आयोगाने जपानमध्ये बांधवून घेतली होती. त्या क्षेत्रास ‘बॉम्बे हाय’ म्हणू लागले. आज आपण मुंबई हाय म्हणतो. मे १९७६ मध्ये तेथून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले, आणि पुढे समुद्रतळावरून नळ टाकून ते तेल व तो वायू रायगड जिल्ह्यातील उरण येथे आणण्यात आला. उरणच्या कारखान्यात स्वयंपाकाचा गॅसही वेगळा काढला जातो. मुंबई हाय येथे पाण्याची खोली सत्तर-पंच्याहत्तर मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तळावर पोलादी पाय रोवून पाण्यावर मजल्यामागून मजले उभारता येतात. तेल आहे ते तळाच्याही खाली, एक किलोमीटरहून अधिक खोल, बहुतांशी चुनखडीच्या थरांत.

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. आपल्या घरामागील विहिरीचे पाणी रहाटाने ओढावे लागते. ओढणे थांबविले की पाणी जागच्या जागी राहते. नव्या तेलविहिरीचे तसे नसते. थरांच्या भाराखाली तेल व वायू दाबून राहिलेले असतात, आणि छिद्र पडताच ते आपण होऊन उसळून वर येऊ पाहतात. त्यामुळे माल बाहेर कसा काढावा ही विवंचना पुढे, विहीर म्हातारी झाल्यावर पडते. आरंभीची विवंचना एकच, की निघालेला माल हवा तेव्हा थांबवावा कसा.

माल रोज किती सोडावा हे ठरविणारी जी झडप, तिला चोक म्हणतात. पिठाच्या गिरणीत वरच्या टोपल्यातून दाणा जात्यात पडतो, तेथे एक सरकती पाटी असते. पाटी फार उघडली तर जाते तुंबते. फार मिटली तर दगडावर दगड घासून पीठ जळकट होते. चोकचे काम नेमके हेच. मार्ग अरुंद करून तो विहिरीचा जोर मोडतो व पुढील नळांस पेलेल इतकाच प्रवाह सोडतो. ठराविक भोकाच्या चोकला तेलधंद्यातील इंग्रजी बोलीत ‘बीन’ म्हणतात, म्हणजे घेवड्याचा दाणा! धान्यव्यापाऱ्यास हे वाचून आपल्याच पेढीवर आल्यासारखे वाटते. ह्या चोकचा मोठा शत्रू म्हणजे वाळू. तेलाबरोबर थरांतील बारीक वाळू वर येते, आणि अरुंद मार्गातून ती भरवेगाने जाऊ लागली म्हणजे साधे पोलाद लवकरच झिजवून टाकते. म्हणून चोकचे अंतर्भाग टंगस्टन कार्बाइडसारख्या अतिकठीण द्रव्याचे करतात. तरीही ते झिजतातच, आणि म्हणूनच ते बदलता येतील अशा बेताने रचलेले असतात.

विहिरीच्या तोंडावर एकावर एक व आजूबाजूस अशा अनेक झडपा बसविलेला जो सांगाडा असतो, त्याचे नाव ऐकून गोमंतकीय वाचकांस मौज वाटेल. त्यास ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. फांद्या फुटल्यासारखा तो दिसतो म्हणून नाताळच्या झाडाचे हे नाव पडले. मधल्या खोडात एकाखाली एक मुख्य झडपा, बाजूच्या फांदीत माल पुढे नेणारी झडप, आणि शेंड्यास आत अवजारे सोडण्यासाठीची झडप. ह्यांतील बहुतेक झडपा सरकत्या दाराच्या असतात: पोलादाची जाड पाटी व तिला एक गोल भोक. भोक नळाच्या तोंडाशी आले की मार्ग सताड उघडा. पाटी सरकली की तेथे भरीव पोलाद. मुंबई हाय येथे ही झाडे बहुतांशी पाण्याच्या वर, मंचावर असतात. जेथे पाणी फार खोल तेथे ती समुद्रतळावरच उभी करावी लागतात. जगात अशी पहिली विहीर १९६१ साली मेक्सिकोच्या आखातात झाली.

ह्या सर्व झडपांहून आम्हांस अधिक मनोवेधक वाटते ती मात्र दृष्टीआडची, विहिरीच्या नळाच्या आत, समुद्रतळाच्याही खाली बसविलेली सुरक्षा झडप. तिची रचना समजण्यास गोमंतकातीलच एक उदाहरण पुरे आहे. आमची वाळपई डोंगराकडची. खाजणाची जमीन पाहावयाची तर डिचोली, पेडणे वा तिसवाडीच्या खाडीकाठी जावे लागते. कोरगूट भाताची चौकशी करण्याच्या निमित्ताने आम्ही ती खाजणे पुष्कळदा पाहिली आहेत. बांधाच्या तोंडाशी लाकडी दारे असतात. त्यास मानस म्हणतात. ओहोटी लागली की शेतातील पाण्याच्या रेट्याने दार बाहेर ढकलले जाते व पाणी निघून जाते. भरती आली की खाडीचे पाणी तेच दार बाहेरून घट्ट दाबून धरते व खारे पाणी शेतात शिरू देत नाही. रात्री भरती येताना तेथे कोणी उठून जावे लागत नाही. ज्या पाण्यापासून शेताचे रक्षण करावयाचे, तेच पाणी दार लावते!

तेलविहिरीतील सुरक्षा झडपेचे दारही असेच बिजागरीवर फिरणारे, आणि तेही ज्याला अडवावयाचे त्याच्याच रेट्याने घट्ट बसते. फरक इतकाच की रोजच्या व्यवहारात ते उघडे ठेवावे लागते, कारण माल त्याच दिशेने वर यावयाचा असतो. त्यासाठी मंचावरून खाली करंगळीहूनही बारीक अशी पोलादी नळी सोडलेली असते व तिच्यात द्रव दाबाने भरलेला असतो. तो दाब झडपेतील एका नळकांड्यास खाली रेटतो. नळकांडे दारास बाजूस सारून धरते. त्याच वेळी एक दणकट स्प्रिंग नळकांड्यास सतत वर ढकलू पाहत असते. जोवर वरून दाब आहे तोवर स्प्रिंग हरलेली. दाब गेला, मग तो कोणी मुद्दाम सोडला असो, नळी तुटलेली असो, वा वरचा सारा मंचच नाहीसा झालेला असो, की स्प्रिंग नळकांडे उचलते, दार मिटते, आणि खालून येणारा प्रवाह त्यास बैठकीवर दाबून धरतो.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या वखारीचे दार उघडे टाकले तर उघडेच राहते. ते लावण्यास माणूस लागतो. ह्या झडपेच्या रचनाकारांनी तो क्रम उलटा केला. दार उघडे ठेवण्यासच अखंड श्रम लागावे, आणि श्रम थांबताच दार आपोआप मिटावे, अशी योजना त्यांनी केली. आगीच्या वेळी माणूस पळेल, घाबरेल वा मरेल, वीज जाईल, तार तुटेल, हे सारे गृहीत धरून ही योजना आहे.

सांगावयास हे सोपे. करावयास फार कठीण. झडप जितकी खोल बसवावी तितका त्या बारीक नळीतील द्रवाचा स्तंभ उंच होतो, आणि मंचावरील पंप बंद केला तरी त्या स्तंभाचा भार नळकांड्यावर राहतोच. स्प्रिंग दुबळी असेल तर ती हा भार उचलू शकणार नाही, आणि दार मिटावयाच्या वेळी उघडेच राहील. स्प्रिंग फार बळकट करावी, तर तिला दाबून धरण्यास वरून अधिक दाब हवा, आणि तो साऱ्या नळ्यांस व सांध्यांस पेलला पाहिजे. म्हणून प्रत्येक झडप किती खोलीपर्यंत विश्वासाने मिटेल ह्याचा हिशेब आधी मांडावा लागतो. फार खोल जावयाचे झाल्यास दाबलेल्या नायट्रोजन वायूची मदत घेऊन द्रवाचा भार तोलतात. आमच्या मते साऱ्या रचनेचे मर्म ह्या हिशेबात आहे.

अशी झडप बसवून स्वस्थ राहता येत नाही. ठराविक मुदतीने विहीर थांबवून तिची परीक्षा घ्यावी लागते. परीक्षेत दार मिटवितात व वरचा दाब सोडून किती गळते ते पाहतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या नियमावलीत मिनिटाला ४०० घनसेंटिमीटर द्रवापर्यंतची गळ क्षम्य मानली आहे. त्याहून अधिक असेल तर झडप नापास. धान्याच्या व्यापारात आपण सुकीची घट धरतो, तसाच हा प्रकार. परीक्षेच्या काळात माल निघत नाही, म्हणजे रोख नुकसान होते. आणि झडप उत्तम असेल तर परीक्षेतून काहीच निष्पन्न होत नाही. ज्या खर्चातून छदामही परत यावयाचा नाही तो वर्षानुवर्षे बिनतक्रार करावयाचा, हे व्यापारी मनास किती जड जाते ते आम्ही आपल्या सभासदांस काय सांगावे? वखारीच्या आगविम्याचा हप्ता भरताना आपले हात कसे आखडतात हे आपण जाणतोच.

परीक्षेत कसूर झाली तर काय होते ह्याचा धडा नॉर्वेच्या समुद्रात मिळाला. एकोफिस्क क्षेत्रातील ब्राव्हो मंचावर २२ एप्रिल १९७७ रोजी एका विहिरीची दुरुस्ती चालू होती. वरचे झडपांचे झाड काढलेले होते, म्हणून खालच्या सुरक्षा झडपेवर सारी भिस्त होती. ती झडप बसविली होती. पण जागेवर नीट अडकविलेली नव्हती. विहिरीने तिला वर भिरकावून दिले व तेल हवेत उसळले. मंचावरील ११२ माणसे सुखरूप निघाली, आग लागली नाही. परंतु विहीर बंद करण्यास ३० एप्रिल उजाडला. दार उत्तम होते. कडी तेवढी लावावयाची राहिली होती. ती विहीर आवरण्यास अमेरिकेतील रेड अडेर ह्यांची माणसे गेली होती. ह्याच अडेर ह्यांच्या पथकास १९८२ च्या पावसाळ्यात आपल्याकडेही बोलवावे लागले. मुंबई हाय येथे ‘सागर विकास’ ह्या वेधनमंचावर खणती विहीर उसळली व पेटली होती.

विहीर खणताना सुरक्षा झडप बसलेली नसते. त्या काळासाठी निराळे साधन असते, ते म्हणजे उसळी रोखणारे अवजड यंत्र. त्याची जन्मकथा छोटी व मनोरंजक आहे. टेक्सासमधील जेम्स अबरक्रॉम्बी हे विहिरी खणण्याचा धंदा करीत, आणि हॅरी कॅमेरॉन हे त्यांचे भागीदार यंत्रशाळा चालवीत. एका उसळीत अबरक्रॉम्बी ह्यांचा जीव थोडक्यात वाचला. त्यानंतर त्यांनी भागीदाराच्या यंत्रशाळेतील जमिनीवरच्या भुशात बोटाने आकृती काढून दाखविली: दोन्ही बाजूंनी दोन पोलादी ठोकळे येऊन नळास मिठी मारतील. १९२२ सालची ही गोष्ट. पुढे चार वर्षांनी त्यांस पेटंट मिळाले. आजही तत्त्व तेच आहे. फक्त काही ठोकळ्यांस पाती लावलेली असतात, म्हणजे प्रसंगी नळ कापूनच मार्ग बंद व्हावा. पण २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ ह्या वेधनमंचावर विहीर उसळली, तेव्हा आतील नळ वाकून एका कडेस गेलेला होता, आणि पात्यांना तो पुरता कापता आला नाही. नियंत्रणसंचातील तारांच्या जोडणीतही चूक होती, असे पुढील तपासात आढळले. ११ माणसे गेली, आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले.

आता आपल्याच समुद्रातील त्या दिवसाकडे वळतो, ज्याच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहावासा वाटला. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईचा कोणी व्यापारी विसरणार नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि अर्धी नगरी पाण्याखाली गेली. सारे लक्ष शहराकडे लागलेले असता दुसऱ्या दिवशी, २७ जुलैस, मुंबई हायच्या उत्तर भागातील मंचावर आग लागली.

कारण पाहू जाता किती क्षुल्लक! ‘समुद्र सुरक्षा’ हे पाणबुड्यांच्या कामासाठीचे मदतजहाज जवळच होते. त्यावरील स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली. त्यास वैद्यकीय मदतीसाठी मंचावर न्यावयाचे होते. हवा इतकी खराब की हेलिकॉप्टर येणे अशक्य. तेव्हा जहाज मंचाजवळ आणून क्रेनने टोपलीतून जखमीस वर घ्यावयाचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाची क्रेन नादुरुस्त होती, म्हणून वाऱ्याच्या तोंडच्या बाजूने जावे लागले. जखमी माणूस सुखरूप वर पोचलाही. परंतु जहाजास स्थिर ठेवणाऱ्या एका पंख्यात अडचण होती. लाटांनी जहाज मंचाकडे लोटले आणि त्याची हेलिकॉप्टर उतरावयाची धक्क्यासारखी पुढे आलेली गच्ची मंचाच्या उभ्या नळांवर आदळली. त्यांतील वायू बाहेर पडला व पेटला. दोन तासांच्या आत सात मजल्यांचा तो मंच नाहीसा झाला. मंच, त्याशेजारचा वेधनमंच व जहाज मिळून ३८४ माणसे होती. खवळलेल्या समुद्रातून ३६२ जणांस वाचविण्यात आले. २२ जण गेले. जहाजावरील दाबकोठडीत सहा पाणबुडे होते. त्यांस एकाएकी बाहेर काढणे म्हणजे मृत्यूच, कारण शरीरातील दाब सावकाश उतरवावा लागतो. पेटलेले जहाज सोडून बाकीचे गेले असता ते सहाजण आतच राहिले, आणि सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज १ ऑगस्टला बुडाले.

आता झडपांचा प्रश्न. वाचक विचारील की एवढ्या झडपा होत्या तर त्या मिटल्या नाहीत काय? येथेच खरी मेख आहे. जे उभे नळ फुटले ते वायू खाली नेणारे होते. विहिरी जुन्या झाल्या म्हणजे तेल आपण होऊन वर येत नाही. मग दाबलेला वायू विहिरीत सोडून तेल हलके करतात व वर आणतात. तो वायू एका मंचावरून दुसऱ्याकडे समुद्रतळावरील लांब नळांतून जातो. आपत्कालीन झडपा नळांच्या टोकांस होत्या. पण काही नळांची लांबी १२ किलोमीटरपर्यंत होती. झडप मिटली तरी झडपेच्या व फुटलेल्या जागेच्या दरम्यान १२ किलोमीटर नळात दाबून भरलेला वायू शिल्लक होताच, आणि त्यास बाहेर पडण्यास मोकळे तोंड मिळाले होते. त्या आगीच्या धगीने शेजारचे नळही फुटले. एखाद्या वखारीस भक्कम कुलूप लावावे आणि माल सारा अंगणात पडलेला असावा, असे झाले. मिटणारी झडप असणे पुरेसे नाही. ती कोठे बसविली आहे आणि तिच्या पलीकडे किती माल शिल्लक राहतो, ह्याचाही हिशेब मांडावयास हवा.

आम्हांस ह्याहून अधिक खटकले ते असे की हा धडा जगास सतरा वर्षांपूर्वी मिळालेला होता. स्कॉटलंडच्या किनाऱ्याबाहेर ‘पायपर अल्फा’ मंचावर ६ जुलै १९८८ रोजी अशीच आग लागली व १६७ माणसे मेली. तेथेही आगीने रुद्र रूप धरले ते शेजारील मंचांकडून येणारे वायूचे नळ फुटल्यावरच. त्यानंतर ब्रिटनने १९८९ साली मंचाशी येणाऱ्या नळांवर आपत्कालीन झडपा बसविणे सक्तीचे केले; आणि न्यायमूर्ती कलन ह्यांच्या समितीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या. मंचापासून थोड्या अंतरावर समुद्रतळावरच झडप बसविली, तर नळ मंचाशी फुटला तरी मागचा सारा माल तळाशीच अडतो. तिला तेथे बसविणे, तेथे जाऊन तपासणे, बिघडल्यास वर काढणे, हे सारे खर्चाचे काम आहे हे आम्हांस मान्य आहे. पण ज्या मंचावर शेकडो माणसे राहतात, त्याच्या पायथ्याशी एक दार कमी ठेवून वाचविलेला पैसा कोणत्या खात्यावर जमा धरावयाचा, ते आम्हांस कळत नाही. आपल्याकडे २००८ साली समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षिततेचे नियम केंद्र सरकारने लागू केले व तेल उद्योग सुरक्षा संचालनालयास त्यांच्या अंमलबजावणीचा अधिकार दिला. हे सव्वीस वर्षे आधी झाले असते तर बरे, असे ‘सागर विकास’ आठवून कोणी म्हणाले तर त्यास काय उत्तर द्यावे?

मुंबई हायचे पाणी उथळ. पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरीच्या मुखाबाहेर प्रकरण फार पुढे गेले आहे. तेथे खोल समुद्रातील तेल २००८ पासून व वायू एप्रिल २००९ पासून निघू लागला. डिसेंबर २०२० मध्ये काकिनाड्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर जे वायुक्षेत्र सुरू झाले, तेथे पाण्याची खोली दोन हजार मीटरहून अधिक आहे. पलीकडेच, आयोगाच्या ९८/२ ह्या गटातून जानेवारी २०२४ मध्ये पहिले तेल निघाले. दोन हजार मीटर खोलीवर पाण्याचा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० किलो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल धान्याची थप्पी! तेथे कोणी पाणबुड्या जाऊ शकत नाही. झडपांची झाडे तळावर उभी असतात, आणि दोरखंडासारख्या जाड नाळेतून वीज, संदेश व दाबाचा द्रव त्यांस पोचविला जातो. एखादी झडप अडली तर वरच्या जहाजातून सोडलेला यंत्रमानव पोलादी हाताने ती फिरवितो. बाहेरच्या पाण्याचा हा प्रचंड भार झडपेच्या स्प्रिंगवरही येतो. तेव्हा स्प्रिंगचा जो हिशेब आपण वर पाहिला तो येथे अधिकच बिकट होतो.

आणखी एक अडचण थंडीची. खोल समुद्रातील पाणी फार थंड असते, आणि वायूबरोबर थोडे जरी पाणी आले तरी दाबाखाली त्या दोहोंचे मिळून बर्फासारखे खडे तयार होतात. नळ बुजतात, झडपा अडतात. चोकमधून वायू एकदम मोकळा होतो तेथे तर तो आणखी थंड पडतो. त्यास उपाय म्हणून मेथॅनॉल वा ग्लायकॉल आत सोडीत राहावे लागते, आणि ते सोडण्यासाठी पुन्हा निराळ्या बारीक झडपा! एका दाराच्या रक्षणास दुसरे दार, असे ते प्रकरण वाढत जाते.

आता द्रवाऐवजी केवळ विजेवर चालणाऱ्या झडपा येऊ लागल्या आहेत. उत्तर समुद्राच्या डच भागात २०१६ साली अशी पहिली विहीर सुरू झाली. तिच्यातील समुद्रतळाखालची सुरक्षा झडपही विजेची आहे. द्रवाच्या स्तंभाचा भारच नसल्याने खोलीची ती जुनी अडचण तेथे बरीच दूर होते. वीज खंडित होताच दार मिटावे ही अट मात्र तिलाही चुकलेली नाही.

ज्यांस ह्या विषयाची आवड आहे, विशेषतः ज्यांची मुले यंत्रशास्त्र शिकत आहेत, त्यांस एक गोष्ट सांगून ठेवतो. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची सुरक्षाविषयक संस्था आपल्याच गोव्यात, दक्षिणेस बेतुल येथे आहे. समुद्रात पडल्यास तगून कसे राहावे, पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसे यावे, ह्याचे शिक्षण देणारे केंद्रही तेथेच उभे राहिले, आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धान्याच्या पेढीवर बसणाऱ्या बापाच्या मुलाने अशा ठिकाणी शिकण्याची इच्छा धरली, तर पेढी कोण चालविणार ह्या काळजीने कोणी त्यास अडवू नये, अशी आमची विनंती आहे. पेढीवर बसावयास पुतणे, भाचे पुष्कळ मिळतात.